सूर बरोबर आहे

लॉयता नदीकाठच्या आमच्या हंगेरियन गावात
पावाच्या दुकानांपेक्षा दातांचे दवाखाने जास्त.
शनिवारी सीमेपलीकडून ऑस्ट्रियन गाड्या येतात,
तोंड दाखवतात, गूलाश खातात, परत जातात.

ओटोकार हिंटरलाइटनर, ग्राझचे.
पियानो जुळवतात. वय एकाहत्तर.
खुर्चीत बसण्याआधी खिशातला नादकाटा काढून
माझ्या हत्यारांच्या ताटाशेजारी ठेवतात,
जणू तोही उकळून घ्यायचाय.

"दुखत नाही," म्हणाले. "फक्त सकाळी उशीवर
गुलाबी ठिपका असतो.
आणि इर्मट्राउट म्हणते, तोंडाला
जुन्या नाण्यांचा वास येतो."

दुखत नाही. हेच तर.
खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ गादी असते,
ती कुरकुरते, ठणकते, घरभर बोंब मारते.
या टायटॅनियमच्या मळसूत्राला तसलं कोणी नाही.
हाड त्याला थेट बिलगतं
आणि जाताना
निरोपही घेत नाही.

आरशाच्या दांड्यानं मी इम्प्लांटवर टिचकी मारली.
त्यांनी डोळे मिटून ऐकलं.
"सूर बरोबर आहे."
होताच. तळाचे चार आटे घट्ट असले
तरी सूर बरोबरच येतो.

मग सळई, अगदी हलक्या हातानं.
पुढून तीन मिलिमीटर. बाजूला चार.
मागे गेली ती जातच राहिली. आठ.
रक्त जरा थांबून आलं, मग भराभर.
हिरडीवर बोट दाबलं,
तर कडेनं पू, सायीसारखा.

पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी.
नऊ वर्षांपूर्वी हाड मळसूत्राच्या गळ्यापर्यंत.
आज तीन आटे उघडे, भोवती वाटीसारखा खड्डा,
खड्ड्याच्या काठावर एक पांढरा कण.
खसखशीएवढा.

सिमेंट.
वरचा दात चिकटवताना हिरडीखाली निसटलेलं,
पुसायचं राहिलेलं.
कार्डावर त्या दिवशी लिहिलंय: सर्व ठीक.
अक्षर माझं.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं.
माझ्या भाषेत असते तर आडवळणं सापडली असती.

ते बराच वेळ नादकाट्याकडे बघत होते.
मग म्हणाले, "पियानोच्या खुंट्या लाकडात ठोकलेल्या असतात.
लाकूड सैल झालं, तर आधी कानाला नाही कळत.
किल्ली हातात हलकी लागते.
ग्राझच्या एका शाळेत मला लागली होती.
मी काही बोललो नाही. शुक्रवार होता."

जानेवारीत वरचा दात उतरवला, तो कण काढला,
बारीक भुकटीचा झोत मारून आटे धुतले.
चिरूट सोडा म्हटलं. रविवारचा ठेवू का, विचारलं.
नाही म्हटलं.
आठ आठवड्यांनी आठाचे सहा झाले, रक्त तसंच.
मार्चमध्ये हिरडी उघडली.
आत लाल, लिबलिबीत, नको तिथे वाढलेलं मांस.
ते खरवडलं, एकेक आटा घासला,
सलाइननं धुतलं, पुन्हा धुतलं.
पाच टाके.
मी इतक्या सावकाश काम करत होते
की बोग्लार्का दोनदा घड्याळ बघून गेली.

बिल केलं नाही.
त्यांनी पाकिटात टाक्यांचे पैसे ठेवले, फक्त टाक्यांचे,
वर लिहिलेलं: हे तुमच्या चुकीत येत नाही.

जूनमध्ये चार मिलिमीटर. सळई कोरडी आली.
गेलेलं हाड फारसं परतलं नाही.
हिरडी खाली बसली, दाताखाली करडी रेघ दिसते.
हसेल त्याचे दात दिसतील म्हणतात,
यांचं मळसूत्रही दिसतं,
आणि ते हल्ली जास्त हसतात,
की मलाच तसं वाटतं.

दर तीन महिन्यांनी यायचं ठरलंय.
बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू शोभेल
असा एक ब्रश दिलाय, रोज रात्री दोन्ही बाजूंनी.
येतात तेव्हा आधी टिचकी मारायला लावतात,
डोळे मिटतात, सांगतात: सूर बरोबर आहे.
मी हो म्हणते
आणि सळई उचलते.